एल निनो, पण कुठला?

‘यंदा एल निनो, पाऊस कमी’. एप्रिल-मे महिन्यात या धाटणीची बातमी एकदा तरी छापून येते आणि तिच्यात चुकीचं काय ते पटकन सापडतही नाही. एल निनो ही खरी गोष्ट आहे, कमी पावसाशी त्याचा संबंधही खरा आहे. गोंधळ त्या दोन गोष्टींच्या मधल्या स्वल्पविरामात आहे. तिथं वाचणारा मनातल्या मनात ‘म्हणून’ घालतो आणि पुढचे चार महिने एका परक्या शब्दाच्या हवाली होतात.

हा शब्द आपल्याकडे स्पॅनिशमधून थेट आलेला नाही. तो इंग्रजीतून आला, आणि इंग्रजीत पोचेपर्यंत त्याच्या पोटात निदान पाच अर्थ साठले होते. आपण सहावा घातला: दुष्काळ. माझं म्हणणं असं की मराठी बातमीत, सरकारी निवेदनात आणि कृषी सल्ल्यात हा शब्द एकटा वापरणं बंद व्हायला हवं. कुठला निनो, कुणाच्या मोजमापानं आणि कधीचा, हे सोबत नसेल तर तो शब्द लिहूच नये.

आधी शब्दाकडे पाहू. ‘एल’ हे स्पॅनिशमधलं नामाआधी येणारं पुल्लिंगी उपपद. पुढचा शब्द म्हणजे लहान मुलगा. त्यातल्या ‘न’वर स्पॅनिशमध्ये एक वेलांटीसारखी रेघ असते आणि तिचा उच्चार ‘न्य’च्या जवळ जातो: नीन्यो. गंमत म्हणजे या उच्चारासाठी देवनागरीत एक आख्खं अक्षर पडून आहे. पाटीवर ‘ञ’ शिकवताना त्यापासून सुरू होणारा शब्द सापडत नाही. इथं नेमका त्याच्या जोगा शब्द आला आणि आपण इंग्रजीच्या मागून ‘निनो’ लिहून मोकळे झालो. काहीजण ‘अल निनो’ लिहितात, त्यानं तो शब्द अरबी वाटू लागतो. असो. पहिल्या दोन अर्थांची सांगड सोपी आहे: मुलगा, आणि मोठ्या आदरानं म्हटलं तर बाळ येशू. गोव्यात कोलव्याच्या चर्चमधल्या ‘मेनिनो जेजू’ची फामा, म्हणजे जत्रा, पाहिलेल्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको. तिथला शब्द पोर्तुगीज आहे, बाळ तेच.

तिसरा अर्थ पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरच्या पायता बंदरातला. या किनाऱ्यालगत हम्बोल्ट प्रवाहाचं थंड पाणी वाहतं आणि तळातलं पोषक पाणी सतत वर येत राहतं, म्हणून इथं मासळी अमाप. वर्षाच्या शेवटी, नाताळच्या सुमारास, उत्तरेकडून कोमट पाण्याचा एक प्रवाह काही आठवडे खाली सरकतो. लहान होड्यांतून ये-जा करणाऱ्या पायताच्या खलाशांनी त्याला बाळ येशूचं नाव दिलं. कामिलो कारिल्यो या नौदल अधिकाऱ्यानं १८९२ मध्ये लिमाच्या भूगोल संस्थेपुढं हे नाव नोंदवलं. हा निनो दरवर्षी येणारा, किनाऱ्यापुरता आणि निरुपद्रवी होता. तो फार जोरात आला की किनाऱ्यालगतच्या वाळवंटात पाऊस पडे, गवत उगवे, गुरांना चारा होई, आणि तिथली माणसं अशा वर्षांना सुबत्तेची वर्षं म्हणत. आपण ज्या शब्दानं घाबरतो त्याचं मूळ घर हे असं आहे.

तो बदनाम झाला १९७२-७३ मध्ये. पेरूची अँचोवेटा ही बोटभर मासळी सुकवून, दळून जगभर कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात जात होती. १९७० च्या सुमारास तिची पकड वर्षाला सव्वा कोटी टनांच्या घरात होती. १९७३ मध्ये ती वीस लाख टनांच्या आसपास घसरली. अतिरेकी मासेमारीनं साठा आधीच पोखरला होता, त्यावर कोमट पाण्याचा थर जाड झाला आणि खालचं पोषक पाणी वर येईना. खाद्यासाठी सगळे सोयाबीनकडे वळले, भाव भडकले आणि १९७३ च्या जूनमध्ये अमेरिकेनं सोयाबीनची निर्यातच रोखली. त्याच १९७२ मध्ये देशाचा मोसमी पाऊस सरासरीच्या ७६ टक्के पडला. महाराष्ट्रात त्याला कुणी एल निनो म्हटलं नाही. तो ‘बहात्तरचा दुष्काळ’ होता; सुकडी, मिलो ज्वारी आणि खडी फोडण्याच्या कामांवरून ओळखला जाणारा. लोकांनी त्याला नाव दिलं ते त्यांच्या अंगावर काय आलं यावरून. महासागरात काय चाललं होतं ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण ते नाव नेमकं होतं.

चौथा अर्थ शास्त्रज्ञांचा, आणि त्याचं एक मूळ भारतातच आहे. १९०४ ते १९२४ या काळात भारतीय हवामान खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर दुष्काळाचा अंदाज कसा बांधता येईल हे शोधत होते. हाताखालच्या कारकुनांकडून जगभरच्या नोंदींची आकडेमोड करून घेताना त्यांना दिसलं की प्रशांत महासागरावर हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला तो उतरतो, आणि उलट. या झोक्याला त्यांनी दक्षिणी आंदोलन म्हटलं. समुद्राच्या तापमानाशी त्याची गाठ बांधली याकोब ब्यर्कनेस यांनी, १९६९ मध्ये. एरवी व्यापारी वारे विषुववृत्तालगतचं तापलेलं पाणी पश्चिमेला, इंडोनेशियाकडे रेटत असतात. तिथली समुद्रपातळी पूर्वेपेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच असते. वारे मंदावले की ते ऊबदार पाणी पूर्वेकडे घरंगळतं, ढग आणि पाऊस त्याच्या मागोमाग जातात आणि आपल्या बाजूला हवा खाली बसू लागते. खाली बसणाऱ्या हवेत ढग वाढत नाहीत. ब्यर्कनेस यांच्यानंतर पायताच्या खलाशांचं बाळ पृथ्वीच्या जवळजवळ चतुर्थांश परिघावर पसरलं.

इथून पुढं अर्थ मोजमापावर ठरू लागला, आणि मापं एक नाहीत. अमेरिकेच्या नोआ या हवामान-महासागर संस्थेचा अनेक वर्षं वापरात असलेला निकष असा: प्रशांतच्या मध्यभागी ‘निनो ३.४’ नावाचा चौकोन आहे, ५ अंश उत्तर ते ५ अंश दक्षिण आणि १२० ते १७० अंश पश्चिम. तिथल्या पृष्ठभागाच्या तापमानाची तीन-तीन महिन्यांची सरासरी नेहमीपेक्षा निदान ०.५ अंश जास्त, आणि ती अशा सलग पाच गटांत टिकलेली. (३.४ हा तापमानाचा आकडा नव्हे. तिसऱ्या आणि चौथ्या पट्ट्यांच्या सांध्यावर आखलेल्या चौकोनाचं ते नाव आहे; बातम्यांत ‘३.४ अंशांनी तापला’ असं छापलं जाऊ शकतं, म्हणून सांगितलं.) जपानची हवामान संस्था आणखी पूर्वेकडचा चौकोन घेते आणि पाच महिन्यांची सरासरी सहा महिने टिकलेली पाहते. ऑस्ट्रेलिया उंबरठा ०.८ अंशावर ठेवते आणि वाऱ्यांचीही साक्ष मागते. पेरूला या सगळ्याशी फारसं देणंघेणं नाही. तिथली सरकारी समिती स्वतःच्या किनाऱ्याला लागून असलेलं पाणी मोजते.

म्हणून २०२३ मध्ये पेरूनं मार्चमध्येच आपल्या किनाऱ्यावरच्या निनोचा इशारा दिला, नोआनं ८ जूनला एल निनो आल्याचं सांगितलं आणि ऑस्ट्रेलियानं १९ सप्टेंबरला. तोवर आपल्याकडे पावसाळा आवरत आला होता. तिघांपैकी कुणीच चुकलं नव्हतं. २०१७ चं उदाहरण तर याहून बोलकं. त्या वर्षाच्या सुरुवातीला पेरूचा किनारा भलताच तापला, पियुरा शहरात मार्चमध्ये पुराचं पाणी शिरलं, देशभरात शंभराहून अधिक माणसं दगावली. पेरूच्या लेखी तो एल निनो होता, ‘किनारी निनो’. त्याच आठवड्यांत मध्य प्रशांतचा चौकोन सर्वसाधारण होता आणि नोआच्या पत्रकात एल निनो नव्हता. तेव्हा एखाद्या वाहिनीनं ‘एल निनोनं पेरूत हाहाकार’ ही बातमी उचलून त्याला ‘आता महाराष्ट्राची पाळी’ असं शेपूट जोडलं असतं, तर शब्द बरोबर असूनही बातमी खोटी ठरली असती.

पाचवा अर्थ या चौथ्याच्याच पोटातला. पाणी कुठं तापलं यावरून निनोच्या जाती पडतात. पूर्वेला, दक्षिण अमेरिकेच्या बाजूला तापणारा एक. मध्यभागी तापणारा दुसरा. या दुसऱ्याला जपानमधल्या शास्त्रज्ञांनी ‘मोदोकी’ म्हटलं, म्हणजे त्याच्यासारखा दिसणारा पण तो नव्हे असा. मराठीत तोतया म्हणता येईल. आपल्यासाठी हा तोतयाच जास्त घातक. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले के. कृष्णकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं की मध्य प्रशांत तापतो तेव्हा खाली बसणारी हवा भारतावर नेमकी येते. पूर्वेकडचा तापतो तेव्हा ती बाजूला राहू शकते. १९९७ चा एल निनो शतकातल्या सर्वांत बलवान एल निनोंपैकी, निर्देशांक, म्हणजे निनो ३.४ चौकोनातली वाढ, २.४ अंशांपर्यंत गेलेला. त्या वर्षी देशाचा पाऊस सरासरीच्या १०२ टक्के. २००२ चा निर्देशांक १.३ च्या आसपास, म्हणजे मध्यम. त्या वर्षी जुलैचा पाऊस निम्म्यावर आला आणि हंगाम ८१ टक्क्यांवर संपला. शिवाय १९९७ मध्ये हिंदी महासागराचं पश्चिमेकडचं पाणी तापलेलं होतं, ते मदतीला आलं. ‘सुपर एल निनो’ हा शब्द मोठ्या टाइपात छापणाऱ्यांनी या दोन वर्षांची जोडी टेबलाच्या काचेखाली ठेवावी. ‘सुपर’ची नोआच्या निकषांत व्याख्याच नाही.

मग संबंध नाहीच का? आहे, आणि घट्ट आहे. १९६५, १९७२, १९८२, १९८७, २००२, २००९, २०१५ ही देशभरच्या तुटीची मोठी वर्षं एल निनोचीच. पण इथं आपल्या न्यायशास्त्रातला जुना दाखला कामी येतो. धूर दिसला की तिथं आग असते. आग असली की धूर असतोच असं नाही, लोखंडाचा तापलेला गोळा पाहा. देशावरचे मोठे दुष्काळ पाहिले तर मागे बहुतेक वेळा एल निनो सापडतो. एल निनो पाहिला तर पुढं दुष्काळ सापडेलच असं नाही. शिवाय १९७९ सारखं वर्ष आहे, ज्यात एल निनोशिवाय देशाचा पाऊस ओढला गेला. २०१८ च्या पावसाळ्यातही प्रशांत सर्वसाधारण होता, आणि त्या ३१ ऑक्टोबरला महाराष्ट्र सरकारला १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला.

उलट्या बाजूनंही हेच. ‘ला निना’, म्हणजे मुलगी, हे नाव १९८५ च्या सुमारास रूढ होऊ लागलं. त्याआधी ‘प्रति-एल निनो’ म्हणत, पण एल निनो म्हणजे बाळ येशू असल्यानं ते नाव ख्रिस्तविरोधी वाटायचं. ला निना म्हणजे मुसळधार, हे समीकरणही आता बातम्यांत पक्कं झालंय. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं तेव्हा ला निना नव्हती.

आणखी एक गोष्ट बातमीत कधीच येत नाही, ती म्हणजे वेळ. एल निनो भरात येतो तो नोव्हेंबर ते जानेवारीत. नाताळचं नाव त्याला उगीच पडलं नाही. जून-जुलैत, आपल्या पेरण्या चालू असताना, हे बाळ रांगत असतं. त्यातच मार्च ते मे या काळात प्रशांतचा अंदाज सर्वांत कच्चा असतो, कारण समुद्र आणि वारे यांची पकड तेव्हा ढिली असते आणि लहानशा धक्क्यानं दिशा बदलते. २०१४ च्या वसंतात १९९७ सारखा महाकाय निनो येणार असं बोललं गेलं, तो बारगळला. (आपला पाऊस तरीही ८८ टक्केच पडला. हे पुन्हा वेगळंच.) २०१७ च्या वसंतात अंदाजाची अनेक संगणकी प्रारूपं एल निनोकडे झुकली होती, वर्षअखेर ला निना आली. आणि नेमका याच महिन्यांत आपल्याकडे शब्दाचा सुकाळ असतो.

त्याची किंमत कोण भरतं ते कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर दिसतं. मेच्या अखेरीस सोयाबीनची बॅग घ्यायची की नाही हे ठरत असतं. एकराला साधारण ३० किलो बियाणं, त्यात खत, त्यात तिफण किंवा ट्रॅक्टरचं भाडं. ‘एल निनो आहे’ ऐकून दोन चुका होतात, आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. एक, पाऊस मुळात कमीच म्हणून पहिल्याच सरीवर घाईनं पेरायचं, मग पंधरा दिवस उघडीप आणि दुबार पेरणी. दोन, वाट पाहत जुलैचा पहिला पंधरवडा घालवायचा आणि शेंगा भरायच्या वेळी पाऊस संपलेला. दोन्हींवर कृषी विभागाचा सल्ला जुनाच आहे: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्याशिवाय पेरू नका. बियाणं ३ ते ५ सेंटिमीटरच्या खाली जाऊ देऊ नका, कारण पेरणीनंतर जोराचा पाऊस होऊन वर पपडी धरली की खोल गेलेल्या सोयाबीनचा अंकुर ती फोडू शकत नाही. घरचं बियाणं असेल तर ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण पाहा, सत्तर उगवले तर ठीक. रुंद वरंबा-सरीवर पेरा, म्हणजे उघडीप पडली तर सरीतली ओल टिकते आणि जास्त झालं तर पाणी निघून जातं. तूर घालायची असेल तर चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर; ऑगस्ट कोरडा गेला तरी तुरीला परतीचा पाऊस सापडतो. यातल्या एकाही ओळीला प्रशांत महासागराची गरज नाही.

२०२३ हे याचं उत्तम उदाहरण. जुलैमध्ये देशात सरासरीपेक्षा १३ टक्के जास्त पाऊस, ऑगस्टमध्ये ३६ टक्के तूट, १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट. सप्टेंबर पुन्हा सरासरीच्या वर. हंगामाची बेरीज ९४ टक्के. शेतकऱ्याला ९४ हा आकडा काही सांगत नाही, ‘एल निनो’ तर त्याहून कमी. त्याला फुलोऱ्यातल्या तीन आठवड्यांची उघडीप आधी कळायला हवी होती, म्हणजे हाताशी असलेलं विहिरीचं एक पाणी त्यानं कधी द्यायचं ते ठरवलं असतं.

सामान्य वाचकाला इतका तपशील झेपत नाही, असा युक्तिवाद संपादकीय खोल्यांत होतो. ज्या समाजात मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य असा पावसाळ्याचा हिशेब तेरा-चौदा दिवसांच्या तुकड्यांत ठेवला जातो आणि प्रत्येक नक्षत्राचं वाहन बेडूक की म्हैस हे पंचांगात पाहिलं जातं, त्या समाजाला दोन आठवड्यांच्या मुदतीचा अंदाज कळत नाही हे म्हणणं जरा धाडसाचं आहे. नक्षत्राच्या वाहनावर विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. सांगायचं एवढंच की मराठी शेतकऱ्याची पावसाची भाषा मुळातच बारीक तुकड्यांची आहे. तिच्यावर आपण चार महिन्यांचा, आख्ख्या देशाचा एकच शब्द लादतोय. हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज काढतं. त्याला पहिल्या पानावर जागा मिळत नाही, एल निनोला मिळते.

या शब्दाचा दुसरा उपयोग शेतकऱ्यापेक्षा सत्तेला जास्त होतो. सातासमुद्रापारचा, देवाच्या नावाचा, कुणाच्याच हातात नसलेला आरोपी! एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, पहिल्या फेरीत दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. त्याआधीचा २०१५ चा एल निनो खरोखर जबर होता, पाऊस ८६ टक्के होता. पण त्याच हंगामात मराठवाड्यातल्या साखर कारखान्यांचं गाळपही झालं होतं. मांजरा धरण कोरडं पडण्याचं कारण आकाशात किती आणि उसाच्या फडात किती, हा हिशेब मागायचा प्रश्न होता. ‘एल निनोमुळे’ म्हटलं की तो प्रश्न विचारायच्या आधीच मिटतो.

गंमत अशी की सरकार स्वतः कागदावर या शब्दाला विचारत नाही. २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत आधी पावसाची तूट आणि उघडिपीचे आठवडे बघितले जातात. ती झाली पहिली कळ, बोलण्यात ‘ट्रिगर वन’. मग पेरणी क्षेत्र, जमिनीतली ओल, उपग्रहावरून दिसणारी पिकांची हिरवाई, धरणं आणि भूजल ही दुसरी कळ. त्यानंतर तालुक्यातल्या १० टक्के गावांत शिवारात जाऊन पीक पाहायचं. एल निनोचा रकाना या तक्त्यात कुठंच नाही. २०२३ मध्ये याच चाळणीतून आधी ४० तालुके दुष्काळी ठरले. जो शब्द मदत देताना चालत नाही, तो तुटीचं कारण सांगताना तरी कशाला चालवायचा?

तर मग बातमी कशी लिहायची? अशी: ‘मध्य प्रशांतातल्या निनो ३.४ पट्ट्याचं तापमान सरासरीपेक्षा अमुक अंशांनी जास्त आहे. नोआच्या निकषानुसार एल निनो अद्याप जाहीर झालेला नाही. तो जुलै ते सप्टेंबरमध्ये असण्याची शक्यता अमुक टक्के. हिंदी महासागराचा निर्देशांक सध्या तटस्थ. मराठवाड्यासाठी पुढच्या दोन आठवड्यांचा अंदाज असा. आपल्या मंडळात १ जूनपासून किती पाऊस झाला ते पाहून पेरणी करावी.’ सहा वाक्यं होतात. शेवटचं वाक्य पोकळ नाही: ‘महावेध’ प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं राज्यात महसूल मंडळांच्या पातळीवर उभी आहेत आणि मंडळनिहाय पावसाचा आकडा रोज प्रसिद्ध होतो. तो आकडा शंभराच्या अलीकडे असेल तर बॅग अजून फोडू नये. पलीकडे गेला असेल आणि वीतभर खणल्यावर माती मुठीत धरून गोळा होत असेल, तर त्या दिवशी पायताच्या समुद्रात काहीही चाललेलं असो, तिफण बाहेर काढावी.